लेक आठ महिन्यांची आणि पट्टीवर दोन रेघा

डॉक्टरताई, नमस्कार.

मी २६ वर्षांची आहे. सासर जतच्या पुढे एका गावात, माहेर कवठेमहांकाळजवळ. पहिली मुलगी सिझरने झाली, ती आता आठ महिन्यांची आहे. कळा सुरू झाल्यावर बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईने ऑपरेशन करावं लागलं होतं. तेव्हापासून मला पाळी आलेलीच नाही. अंगावर पाजतेस म्हणून येत नसेल, असं सगळे म्हणाले. गेल्या आठवड्यात सारखं मळमळायला लागलं, जाऊबाईंनी मेडिकलमधून पट्टी आणून दिली, तर दोन रेघा आल्या.

सासूबाई म्हणतात, देवानं दिलंय त्याला नाही म्हणू नये, या खेपेला मुलगाच होईल. आई म्हणते, टाके अजून ओले आहेत, ताबडतोब मोकळी हो. शेजारच्या काकू म्हणाल्या, वर्षाच्या आत दिवस राहिले की पोटातले टाके उसवतात, त्यांच्या भाचीचं तसंच झालं. मिस्टर म्हणतात, तू म्हणशील तसं. मेडिकलवाला म्हणाला, पाच गोळ्यांचं किट आहे, दोन दिवसांत काम होतं. गरोदर बाईचं दूध बाधतं म्हणून सासूबाईंनी चार दिवसांपासून मुलीला अंगावर पाजू दिलेलं नाही. ती रात्रभर रडते, मीही रडते.

मला हे बाळ नकोच आहे असं नाही. पण गेल्या आठ महिन्यांत मी एक रात्र सलग झोपलेली नाही. टाके खरंच उसवतील का? नॉर्मल होईल का? गावात बायका तोंडाला पदर लावून हसतात. काय करू?

– एक वाचक (मला ‘तू’ म्हटलं तरी चालेल)

पत्राच्या खाली फोन नंबर लिहिलास ते फार बरं केलंस. सदर छापून येईपर्यंत तीन-चार आठवडे जातात आणि तुझ्या पत्रातली एक गोष्ट तेवढी थांबण्यासारखी नव्हती. म्हणून त्याच संध्याकाळी फोन करून तुला दोनच वाक्यं सांगितली: त्या किटला हात लावू नकोस आणि या आठवड्यात सोनोग्राफी करून घे. तू केलीस. ७ आठवडे ४ दिवस, ठोके दिसले, गर्भाची पिशवी गर्भाशयात वरच्या बाजूला. रक्तही तपासलंस, हिमोग्लोबिन ८.९. आता सावकाश बोलू. तुझ्या परवानगीने हे सगळ्यांसाठी लिहिते आहे. त्या हसणाऱ्या बायकांपैकी निम्म्याजणी हे गुपचूप वाचतील.

घाई कशाची होती ते आधी सांगते, कारण फोनवर तुला घाबरवायचं नव्हतं. सिझरमध्ये गर्भाशयाला जी चीर देतात, ती भरून आली तरी तिथे एक वण राहतो. क्वचित, म्हणजे साधारण दोन हजार गरोदर बायकांत एखादीला, पुढचा गर्भ नेमका त्या वणातच रुजतो. तो तिथे वाढू द्यायचा म्हणजे मोठ्या रक्तस्रावाला आमंत्रण. दुसरी शक्यता गर्भ नळीत असण्याची. ही दोन्ही दुखणी सुरुवातीला पट्टीवर अगदी तशाच दोन रेघा दाखवतात. आणि अशा वेळी काउंटरवरून आणलेल्या गोळ्या घेतल्या, तर गर्भ जागचा हलत नाही, थोडं रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि पंधरा दिवसांनी ती चक्कर येऊन पडते. मी उपजिल्हा रुग्णालयात होते तेव्हा अशा बायका रात्रीच्या येत, बरोबरच्या बाईच्या पिशवीत रिकामं पाकीट असे. शिवाय तुला पाळीच आलेली नव्हती. शेवटच्या पाळीची तारीख नाही म्हणजे किती आठवडे झाले हे तुला, मला किंवा मेडिकलवाल्याला कळायला सोनोग्राफीशिवाय दुसरा मार्गच नव्हता. तुझी पिशवी जागेवर आहे, वण मोकळा आहे. पहिली भीती इथे संपली. खरोखर संपली, तिला पुन्हा उकरू नकोस.

आता हसणाऱ्या बायकांचं. पाजत्या बाईला दिवस राहत नाहीत, हे आपल्याकडे शंभर वर्षांच्या आजीपासून सगळ्या सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण त्याला तीन अटी आहेत, त्या कुणी सांगत नाही. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं, पाळी सुरू झालेली नको, आणि बाळाला दिवसरात्र फक्त अंगावरचंच हवं, मध्ये चार-सहा तासांचा खंड नको. तिन्ही पाळल्या तर शंभरात दोघींनाही जेमतेम दिवस राहतात. तू सहाव्या महिन्यात मुलीचं उष्टावण केलंस ना? तिथे अट मोडली. ती पेज खायला लागली, पाजण्याच्या वेळा कमी झाल्या, आणि अंडाशय जागं झालं. बीज सुटतं ते पाळी येण्याच्या दोन आठवडे आधी. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आतच दिवस राहू शकतात, आणि मग पाळी येतच नाही. तुझा हिशेब बरोब्बर तसाच लागतो: मुलगी साडेसहा-पावणेसात महिन्यांची असताना. यात हसण्यासारखं काय आहे? तू दिलेली माहिती वापरलीस, माहितीच अर्धी होती.

आणि याचा दोष मी माझ्या जातभाईंना देते. डिस्चार्ज देताना आम्ही टाके कोरडे ठेवा सांगतो, तिखट खाऊ नका सांगतो (त्याची गरजही नसते), आणि जाता जाता ‘अंतर ठेवा हं’ म्हणतो. अंतर ठेवायचं कशानं, ते सांगायला आमच्याकडे दोन मिनिटं नसतात. तांबी (कॉपर-टी) सिझरच्या वेळीच, गर्भाशय शिवण्याआधी बसवता येते. नॉर्मल बाळंतपण असेल तर ४८ तासांच्या आत, नाहीतर सहा आठवड्यांनी. सरकारी दवाखान्यात फुकट. पाजत्या आईला छाया नावाची गोळी चालते, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. अंतरा हे तीन महिन्यांचं इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर चालतं. हे तुझ्या आता उपयोगाचं नाही, पण ज्या बाईचं बाळ आज पाच महिन्यांचं आहे आणि जी हे वाचते आहे, तिने उष्टावणाच्या तयारीत याचीही तयारी करावी.

आई आणि सासूबाई. दोघी आपापल्या परीनं तुझं भलंच बघतात, पण दोघींचंही वैद्यकीय गणित चुकलेलं आहे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहायला निदान दोन वर्षं जाऊ द्यावीत. सिझरनंतर किमान दीड वर्ष, असं आम्ही सगळेच डॉक्टर सांगतो. का? वण पुरता पक्का व्हायला वेळ लागतो, आणि अंगातलं झिजलेलं भरून यायला त्याहून जास्त. अंतर कमी पडलं की बाळ दिवसांआधी होण्याची आणि वजनाने कमी भरण्याची शक्यता वाढते, आईला पंडुरोग (अंगात रक्त कमी पडणं) होतो किंवा असलेला वाढतो. तेव्हा ‘देवानं दिलंय, काही होत नाही’ हे खरं नाही. पण हा नियम आधी ठरवण्यासाठी आहे. दिवस राहून गेल्यावर तो वाचून कुणी ‘आता पाडलंच पाहिजे’ म्हणत असेल, तर तेही खरं नाही. सहा-सात महिन्यांत पुन्हा दिवस राहिलेल्या बहुतेक सिझरच्या बायका नीट बाळंत होतात, नीट लक्ष ठेवलं तर. म्हणजे वैद्यकीय कारणानं तुझ्यावर एकही दरवाजा बंद झालेला नाही. ठेवायचं तर ठेवता येईल, नको तर नको म्हणता येईल.

नको म्हणायचं असेल, तर कायदा तुझ्या बाजूनं आहे. १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. आईच्या शरीराला किंवा मनाला धोका हे कारण चालतं, संततिनियमनाचं साधन फसणं हेही चालतं. १८ वर्षांवरच्या बाईची स्वतःची सही लागते. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही, सासूची तर मुळीच नाही. अनेक दवाखाने तरीही मागतात, तेव्हा हे माहीत असू दे. गोळ्यांनी करायचं तर नऊ आठवड्यांच्या आत, डॉक्टरच्या देखरेखीखाली. तुझं हिमोग्लोबिन ८.९ आहे, त्यामुळे गोळ्या घेतल्यावर जे रक्त जाईल त्यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी. ही कृत्यं चोरून करायची नसतात आणि त्यांत पापही नाही. एवढं बोलून मी या विषयावरून उठते.

निर्णय मी देणार नाही, पण तुझ्या पत्रातली दोन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘मला हे बाळ नकोच आहे असं नाही. पण गेल्या आठ महिन्यांत मी एक रात्र सलग झोपलेली नाही.’ सगळं पत्र टाक्यांबद्दल आहे आणि खरं दुखणं या दोन वाक्यांत आहे. टाक्यांचा प्रश्न सोनोग्राफी, कार्ड, ऑपरेशन थिएटर यांनी सुटतो. झोपेचा प्रश्न घरातल्या माणसांनी सुटतो. सासूबाईंना हे बाळ हवं असेल, तर त्यांना सरळ विचार: रात्री मुलीला कोण घेणार? आठवड्यातून किती रात्री? उत्तर ‘बघू’ असं आलं, तर ते उत्तर धरूनच पुढचं ठरव. नवऱ्यालाही हेच विचार. ‘तू म्हणशील तसं’ ऐकायला समजूतदार वाटतं, प्रत्यक्षात ते अख्खं ओझं तुझ्या डोक्यावर ठेवून बाजूला होणं आहे.

आणि ‘या खेपेला मुलगाच’ हे. सोनोग्राफीच्या खोलीत लावलेली पाटी सासूबाईंनी वाचली असेल. १९९४ च्या कायद्यानं गर्भलिंग तपासणं हा गुन्हा आहे, विचारणाऱ्यालाही. मला त्यातली वेगळीच काळजी आहे. दुसरीही मुलगी झाली, तर तिसऱ्या खेपेचा आग्रह होईल, आणि सिझर मोजून करायची गोष्ट आहे. वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, जर खाली, जुन्या वणावर येऊन बसली, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत घुसून चिकटण्याची शक्यता दुसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात ११ असते. तिसऱ्याच्या वेळी ४०. आकडा दुप्पट होत नाही, जवळजवळ चौपट होतो. अशी वार सोडवताना कधी कधी गर्भाशयच काढावं लागतं, रक्ताच्या बाटल्या मोजवत नाहीत. सासूबाईंना हे ऐकवायला मला फोनवर बोलाव, मी येईन.

समज, तू ठेवायचं ठरवलंस. मग टाके.

तुझ्या आईच्या मनात जे टाके आहेत ते पोटाच्या कातडीवरचे. ते कधीच वाळले, त्यांचा आता काही संबंध नाही. प्रश्न आतल्या, गर्भाशयाच्या वणाचा. बाहेरची चीर आडवी दिसते म्हणून आतली आडवीच असेल असं नसतं. बहुतेकींची असते, गर्भाशयाच्या खालच्या भागात, आणि ती मजबूत भरते. घाईच्या ऑपरेशनात, बाळ आडवं असेल किंवा फार दिवसांआधीचं असेल, तर कधी उभी किंवा इंग्रजी टी अक्षरासारखी द्यावी लागते, आणि ती दुबळी. म्हणून तुझं सगळ्यात मोलाचं कागदपत्र म्हणजे पहिल्या खेपेचं डिस्चार्ज कार्ड. त्यावर आतल्या चिरेबद्दल काही लिहिलंय का बघ. नसेल, तर त्या दवाखान्यात लेखी अर्ज दे आणि ऑपरेशनच्या नोंदीची प्रत माग. डॉक्टरांच्या व्यावसायिक नियमांप्रमाणे अर्जापासून ७२ तासांत ती द्यायची असते, आणि नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. तुझं अजून एक वर्षही झालेलं नाही, तेव्हा ‘सापडत नाही’ हे ऐकून घेऊ नकोस. नोंद मिळाली की तिचे दोन फोटो काढ, एक तुझ्या मोबाइलमध्ये, एक नवऱ्याच्या. रात्री दोन वाजता फाइल शोधणाऱ्या नवऱ्यांनी माझं अर्धं आयुष्य खाल्लं आहे.

वण नऊ महिने रोज उसवत नसतो. मुलीला कडेवर घेतलं म्हणून, जिना चढलीस म्हणून, मोठ्यानं शिंकलीस म्हणून तो फाटत नाही. पोटपट्टा बांधल्यानं तो जास्त धरतही नाही. (पाण्याच्या भरलेल्या घागरी मात्र दुसऱ्यानं उचलाव्या, त्या वणामुळे नव्हे, कंबर आणि दमणुकीमुळे.) त्याच्यावर खरा ताण येतो तो कळांच्या वेळी. म्हणून भीती तारखेवार वाटून घे. पहिली तारीख होऊन गेली, पिशवी जागेवर आहे. दुसरी, १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी: वार कुठे आहे? त्या वेळी ती खाली दिसली तरी रडत बसू नकोस, गर्भाशय वाढतं तशी बहुतेकींची वर सरकते, ३२ आठवड्यांना पुन्हा बघतात. तिसरी तारीख कळांची. मधल्या दिवसांत तुझ्या वाट्याला आलेली कामं वेगळी आहेत, ती पुढे सांगते.

नॉर्मल होईल का? तुझं पहिलं सिझर ठोके कमी झाल्यामुळे झालं, हाडं अरुंद होती म्हणून नव्हे. ही जमेची बाजू. दीड-दोन वर्षांचं अंतर असतं तर मी तुला म्हटलं असतं, प्रयत्न कर. एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करणाऱ्या चौघींतल्या सुमारे तिघींना जमतं, आणि वण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एक. पण तुझ्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मुलगी जेमतेम साडेपंधरा महिन्यांची असेल. दोन बाळंतपणांत दीड वर्षाहून कमी अंतर असलं, की हा धोका दुप्पट-तिप्पट होतो, म्हणजे शंभरात एक ते दीड. आकडा लहान वाटेल. पण वण फाटला तर बाळ बाहेर काढायला तास नसतात, मिनिटं असतात. त्यामुळे जिथे भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर आणि रक्त चोवीस तास हाताशी आहे, अशाच ठिकाणी हा प्रयत्न करायचा. जतपासून मिरजेचा रस्ता दोन तासांचा. तुझ्या जागी माझी मुलगी असती, तर ३९ आठवडे भरल्यावर कळांची वाट न बघता ठरवून सिझर कर, असं मी तिला सांगितलं असतं. मिरजेच्या शासकीय मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी कार्ड बघून, तपासून वेगळं सांगितलं, तर त्यांचं ऐक. त्यांच्या हाताखाली तू असशील, माझ्या नाही.

‘ठरवून’ म्हणजे पंचांग बघून नव्हे, हे सांगावं लागतं. मुहूर्तासाठी ३७ व्या आठवड्यात सिझर करून घेणारे लोक असतात, आणि मग ते मुहूर्ताचं बाळ श्वासासाठी काचेच्या पेटीत असतं.

माहेर-सासर हा वाद या वेळी नकाशानं सोडवा. कवठेमहांकाळहून मिरज तासाभराच्या आत आहे. ३६ वा आठवडा लागला की माहेरी जा, मुलीला घेऊन. ऑपरेशनच्या तारखेआधी कळा आल्या, तर स्थानिक दवाखान्यात ‘जरा बघून येऊ’ म्हणून थांबायचं नाही, आणि कळा वाढवायचं इंजेक्शन कुणालाही देऊ द्यायचं नाही. हे वाक्य आईला, नवऱ्याला, आशाताईंना पाठ करायला लाव. १०८ ला फोन करताना पहिलं वाक्य ‘सिझरची बाई आहे, कळा आल्यात’. कळ ओसरल्यावरही वणाच्या जागी दुखत राहिलं, अंगावरून रक्त गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळा असोत-नसोत, निघायचं. सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, जाण्यायेण्याची गाडी हे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून मोफत आहे, तेव्हा पैशासाठी रात्र काढू नका.

मधल्या दिवसांचं काम म्हणजे रक्त. तुझ्या घरात टाक्यांवर एवढी चर्चा झाली आणि ८.९ या आकड्यावर एकही वाक्य नाही. मला टाक्यांपेक्षा तोच जास्त छळतो. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे कमी. सिझरमध्ये अर्धा ते एक लिटर रक्त जातं. ते पहिल्या खेपेचं अजून भरून आलेलं नाही, वर तू पाजत होतीस, आणि आता हे. ११ असलेली बाई जेवढं रक्त गमावून उठून बसते, तेवढ्यानं ८.९ ची बाई कोसळते. आता फॉलिक अॅसिड चालू ठेव. बारा आठवडे झाले की लोहाच्या गोळ्या, तुझ्या आकड्याला दिवसाला दोन लागतील, डॉक्टर सांगतील तशा. चहाबरोबर घेतलीस तर घेतली नाही असंच समज. चहाच्या आधी-नंतर तासभर सोड, लिंबूपाण्याबरोबर घे, आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला. शौचाला काळं होईल, त्याला घाबरून बंद करू नकोस. मळमळ फार झाली तर रात्री जेवणानंतर घे. महिन्यानं रक्त पुन्हा तपास. एक ग्रॅमनंही वाढलं नसेल, तर शिरेतून लोह देतात, ते माग. सातव्या-आठव्या महिन्यात जाग येऊन ‘रक्त चढवा’ म्हणण्यापेक्षा हे बरं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत गरोदर बायकांची तज्ज्ञांकडून मोफत तपासणी असते, ती तारीख भिंतीवर लिहून ठेव. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर सगळं खा, कोण नको म्हणतंय, पण लाडवांनी ८.९ चे ११ होत नाहीत.

आता त्या रडणाऱ्या लेकीकडे येऊ. गरोदर बाईचं दूध बाधत नाही. ते नासत नाही, विषारी होत नाही, पोटातल्या बाळाचं काही चोरत नाही. तुला रक्त जात असेल किंवा दिवसांआधी कळा येण्याचा धोका डॉक्टरांनी सांगितला असेल, तरच थांबायचं. तुझं तसं काही नाही. आज रात्रीच घे तिला. चार-पाच दिवसांच्या खंडानंतरही मुलं विसरत नाहीत, दूधही उतरतं. चौथ्या-पाचव्या महिन्यात दूध आपोआप कमी होईल, चवही बदलेल. काही मुलं तेव्हा स्वतःच तोंड फिरवतात. तोवर तिचं बाकीचं खाणं भक्कम कर: तुपाचा वरणभात, नाचणीची पेज, मऊ अंडं, केळं, दिवसातून तीन-चार वेळा. वर्षाच्या आत म्हशीच्या दुधाच्या बाटलीवरच तिला ठेवू नका, त्यात लोह जवळजवळ नसतं, आणि मग मायलेकी दोघींचंही हिमोग्लोबिन एकाच वेळी खाली. अंगणवाडीत दर महिन्याला वजन कर. वजनाची रेघ आडवी झाली, तर वरच्या दुधाबद्दल बालरोगतज्ज्ञांना विचार. नवव्या महिन्याची लस चुकवू नकोस, या गोंधळात नेमकी तीच चुकते.

एक गोष्ट ऑपरेशनच्या टेबलावरची. सिझर दुसरं म्हटलं की ‘बरोबर नसबंदी करून टाकू’ असं विचारतील. तुला हवं असेल तर जरूर कर. पण तू २६ ची, तान्ही दोन, आणि निर्णय भूल दिल्यावर घ्यायचा नसतो. मला विचारशील तर सिझरच्या वेळीच तांबी बसवून घे, दहा वर्षं चालते, नको वाटली तर निघते. किंवा तुझ्या मिस्टरांना सांग, पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी पाच-दहा मिनिटांची असते, तुझ्या दोन सिझरांपुढे ती काहीच नाही. ‘तू म्हणशील तसं’ म्हणणाऱ्यांनी तिथे शब्द पाळावा.

मिस्टरांना आणखी एक काम आहे. निर्णय ठेवण्याचा झाला, तर सातवा महिना लागण्याआधी एका रात्री त्यांनी मोटारसायकलवर नव्हे, चारचाकीतून माहेर ते मिरज जाऊन यावं. किती वेळ लागतो, रात्री गाडी कोणाची मिळते, बाळंतपणाच्या वॉर्डाचं दार कुठल्या बाजूला आहे, हे बघून यावं. आणि त्या रात्री मुलीला सासूबाईंनी घ्यावं, म्हणजे तू झोपशील.

महिन्यानं रक्त तपासशील तेव्हा फोन कर. काय ठरवलंस ते सांगायचं की नाही ते तुझं तू बघ, पण हिमोग्लोबिनचा आकडा मात्र सांग.